न दिलेलं मत

कोष्टीपुऱ्यातल्या सतराव्या घराची कडी वाजवून कौसल्या हटवार मतदार चिठ्ठी पुढे करत होत्या, तेवढ्यात त्यांच्या पर्समधला फोन वाजला. त्याच क्षणी घरातला फोन वाजला. मग शेजारच्या घरातला, मग समोरच्या चहावाल्याचा. अख्ख्या गल्लीत एकाच सुरात फोन वाजून गेले आणि माणसं मास्क सावरत दारात आली.

ज्यांना ज्यांना आला, त्यांना संदेश एकच होता. ‘पोटनिवडणुकीत आपलं मत नोंदवण्यात आलं आहे. धन्यवाद.’

“बाई, मतदान तर रविवारी आहे ना?” दारातल्या म्हातारीनं विचारलं. “आज तर बुधवार आहे.”

कौसल्याबाई पवनीत सव्वीस वर्षं प्राथमिक शिक्षिका होत्या आणि त्यातली एकोणीस वर्षं त्यांच्याकडे या भागाच्या मतदार यादीचं काम होतं. कोण वारलं, कोणाची सून नव्यानं आली, कोण सुरतेला कामाला गेलं, हे त्यांना तोंडपाठ होतं. या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांच्याकडे नव्हतं. हातात तीनशे चिठ्ठ्या उरल्या होत्या.

उत्तर दुपारच्या बातम्यांत मिळालं.

सहा महिन्यांपूर्वी पंतप्रधान हृदयविकारानं गेले होते. सत्तेतल्या पक्षांचं एका नावावर जमेना, त्यात मेंदूवर जाणाऱ्या नव्या तापानं देश पोखरायला घेतलेला. शेवटी तडजोड म्हणून डॉ. तारिणी महापात्र यांना हंगामी पंतप्रधान नेमलं गेलं. त्या साथरोगांच्या डॉक्टर. उभ्या आयुष्यात ग्रामपंचायतीचीही निवडणूक त्यांनी लढवली नव्हती. संसदेचा सदस्य नसलेल्या माणसाला सहा महिने मंत्रिपद, अगदी पंतप्रधानपदही, सांभाळता येतं. त्याच्या आत निवडून यावं लागतं, नाहीतर पायउतार व्हावं लागतं. पवनी ज्यात येते त्या मतदारसंघाची जागा रिकामी होती. तिथून त्या उभ्या राहिल्या. पण ताप पुन्हा उसळला, गर्दीवर बंदी आली आणि मुदत संपायला अकरा दिवस उरले.

तेव्हा सरकारनं रातोरात वटहुकूम काढून रविवारचं मतदान रद्द केलं आणि मतछाया वापरली.

मतछाया काही नवीन नव्हती. माणसाची खरेदी, प्रवास, आजारपणं, फोनवरचं बोलणं, थांबणं, चिडणं, या सगळ्यावरून त्याच्या मनाची एक गणिती प्रतिकृती तयार होई. पक्ष तिचा वापर अंदाजासाठी करत आणि गेल्या चार निवडणुकांत तो अंदाज हजारात दोन मतांनीही चुकला नव्हता. आता पहिल्यांदाच या छायांनी माणसांच्या ऐवजी मत दिलं होतं. छायांचं मतदानही एकसष्ट टक्केच झालं. जे एरवी घरी झोपून राहिले असते, त्यांच्या छायाही मतदानाला आल्या नव्हत्या.

डॉ. महापात्र मोठ्या फरकानं निवडून आल्या.

“चांगलंच झालं की,” मोरेश्वरराव खाटेवरून म्हणाले. ते कौसल्याबाईंचे यजमान. महिन्यापूर्वी तापानं त्यांची शुद्ध हरपली होती. डॉ. महापात्रांनी तालुक्या-तालुक्यात उघडलेल्या उपचार-छावणीत ते अठरा दिवस होते, म्हणून आज खाटेवर बसून बोलत होते. “तूही तिलाच मत देणार होतीस.”

“देणार होते,” कौसल्याबाई म्हणाल्या. “दिलं नाही.”

“फरक काय पडला?”

कौसल्याबाई न जेवता उठल्या.

चौथ्या दिवशी नागपूरहून फरझाना काझी नावाची तरुण वकील त्यांच्याकडे आली. या प्रकरणासाठी नेमलेल्या विशेष न्यायपीठापुढे तिला याचिका लावायची होती. हंगामी पंतप्रधान निवडून आलेल्याच नाहीत, म्हणून सहा महिन्यांनंतर त्यांची नेमणूक बेकायदा ठरते, हा तिचा मुद्दा. त्यासाठी तिला या मतदारसंघातला एक मतदार हवा होता.

“विरोधी पक्षाचे लोक मिळतील की तुला,” कौसल्याबाई म्हणाल्या.

“ते नकोत, बाई. मला असा माणूस हवाय, ज्यानं त्यांनाच मत दिलं असतं.”

मोरेश्वररावांनी आठ दिवस अबोला धरला. कौसल्याबाईंनी सही केली.

सुनावणी नागपुरात झाली. पाच न्यायमूर्ती होते. सरकारी वकील मृदू बोलणारे, वयस्क गृहस्थ. त्यांनी आवाज चढवला नाही.

“निवडणूक म्हणजे लोकांची इच्छा जाणून घेणं,” ते म्हणाले. “ती इच्छा आम्ही जाणली. एकाही माणसाला रांगेत उभं करून मृत्यूच्या दारी नेलं नाही.”

फरझाना उठली. “आमच्यात निकाह लावताना मुलीला तीनदा विचारतात, कबूल आहे का? तिच्या मनात काय आहे ते साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक असतं. तरी विचारतात. मन कळणं वेगळं, महोदय, आणि तिनं कबूल म्हणणं वेगळं.”

न्यायमूर्तींपैकी दोघांनी माना डोलावल्या. कौसल्याबाईंना वाटलं, जिंकलो.

मग सरकारी वकिलांनी एक सीलबंद पाकीट पुढे केलं. “याचिकाकर्त्या बाईंनी इथंच मत द्यावं. त्यांची छाया काय म्हणते ते पाकिटात आहे. दोन्ही ताडून पाहू.”

फरझानानं हरकत घेतली, पण कौसल्याबाईच म्हणाल्या, “देते मी.”

कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा केला होता. आत मतपत्रिका आणि शिक्का. हातात शिक्का घेऊन त्या उभ्या राहिल्या. विरोधात शिक्का मारला, तर यंत्र खोटं पडेल. पण आपणही खोटं बोललो असं होईल. त्या बाईनं आपलं कुंकू वाचवलं होतं. आणि डॉ. महापात्रांच्या नावावर मारला, तर सगळा खटला इथंच संपला. बाहेर कोणीतरी खोकलं. शेवटी त्यांनी शिक्का खाली ठेवला, कोऱ्या कागदाची घडी घातली आणि पेटीत टाकली. असं करायचं त्यांनी आधी ठरवलं नव्हतं. तिथं उभ्या असताना, अगदी शेवटच्या क्षणी ते सुचलं होतं.

मुख्य न्यायमूर्तींनी पाकीट फोडलं.

“याचिकाकर्त्या कोरी मतपत्रिका टाकतील,” त्यांनी वाचून दाखवलं. “निर्णयाला सुमारे चार मिनिटं घेतील.”

कारकुनानं घड्याळ लावलं होतं. चार मिनिटं दहा सेकंद.

कौसल्याबाई आपल्या जागेवर जाऊन बसल्या. भर बाजारात कोणी पदर ओढावा तसं त्यांना झालं. सरकारी वकिलांच्या चेहऱ्यावर विजय नव्हता. त्यांनी आपल्या समोरचा पाण्याचा पेला कौसल्याबाईंकडे सरकवला.

न्यायपीठानं निकाल दिला नाही. प्रश्न घटनेच्या मुळाशी जाणारा असल्यानं तो अधिक मोठ्या पीठाकडे पाठवला. साथीच्या काळात देशाला पंतप्रधानाविना ठेवता येत नाही, म्हणून नेमणुकीला स्थगितीही दिली नाही. पुढची तारीख सात महिन्यांनंतरची पडली.

“तोवर लोकसभेची मुदतच संपेल,” फरझाना पायऱ्यांवर म्हणाली. तिनं काळा कोट काढून हातावर घेतला होता. “मग न्यायालय म्हणेल, आता प्रश्नच उरला नाही.”

“मग आपण काय करायचं?”

“तारखेला यायचं, बाई.”

गावात लोक तोडून बोलत नव्हते, तेच जास्त लागत होतं. भाजीवाली वजनात दोन वांगी जास्त घाले आणि म्हणे, “बाई, नेमणूक रद्द झाली तर लशीचे हुकूमही रद्द होतील म्हणतात. खरं का?” कौसल्याबाई म्हणत, तसं नसतं. पण तसं नसतंच, हे त्यांनाही ठामपणे ठाऊक नव्हतं.

लशीचा पहिला साठा पवनीत आला त्या दिवशी डॉ. महापात्र स्वतः आल्या. त्यांनी तरुणपणी गडचिरोलीत नऊ वर्षं काढली होती. मराठी चांगलं बोलत. लसीकरण केंद्रातून त्यांनी हटवार बाईंना बोलावणं पाठवलं. नाही म्हणावं असं मनात असूनही कौसल्याबाई गेल्या.

औषधांच्या खोक्यांनी भरलेल्या खोलीत दोघीच होत्या. टीव्हीवर दिसत त्यापेक्षा डॉ. महापात्र बऱ्याच थकलेल्या होत्या.

“यजमान कसे आहेत?”

“चालतात आता. तुमच्यामुळे.” कौसल्याबाई थांबल्या. “माझा तुमच्यावर राग नाही, डॉक्टर. मला फक्त कोणीतरी विचारायला हवं होतं.”

“मलाही.” डॉ. महापात्र खोक्यावर टेकल्या. “सहा महिन्यांनी घरी जाता येईल म्हणूनच मी हो म्हटलं होतं. निवडणूक टळणार हे दिसलं तेव्हा राजीनामा लिहिला, स्वतःच्या हातानं. राष्ट्रपतींकडे निघाले होते. गाडीत बसताना मतछायेच्या अधिकाऱ्यानं एक कागद दाखवला. माझ्या छायेचं उत्तर होतं. मी राजीनामा देणार नाही, म्हणून.”

“मग?”

“मग मी विचार केला, लशीचे करार अर्धवट आहेत, माणसं मरताहेत, आणि शेवटी मी देणार नाहीच आहे, तर कशाला हा देखावा? गाडीतून उतरले.”

कौसल्याबाई हळूच म्हणाल्या, “आणि तो कागद दाखवलाच नसता तर?”

बाहेर रांगेतलं एक मूल सुईला घाबरून रडत होतं.

“तुम्ही सांगा,” डॉ. महापात्र म्हणाल्या. “माझ्या जागी तुम्ही असता, तर दिला असता राजीनामा?”

सव्वीस वर्षं शिकवलेल्या त्या बाईंच्या ओठांवर उत्तर आलं होतं. पण ते उच्चारण्याआधीच त्यांच्या मनात दुसरी एक गोष्ट येऊन गेली: याचं उत्तर माझ्या छायेनं काय दिलं असतं?