आधी तुझं, मग माझं

बस गं वहिनी जरा. बॅग भरायची राहिली तर राहू दे. उद्या सकाळी संभाजीनगरहून हे मला न्यायला येणार. सव्वा महिना झाला, आता लेकीला घेऊन सासरी जायचं, हे मला बी कळतं. सकाळपास्नं तू तीनदा विचारलंस, तनुजा, तुझं चित्त कुठंय? दादा तर म्हणला, हिला सासरी जायचा कंटाळा आलाय. कंटाळा नाय गं. दार तेवढं लोटून घे. भर दुपार आहे, सगळे शेतात गेलेत, तरी बी लोटून घे. सांगते.

तुला माहितीच आहे, मी दुसरेपणाची. यांची पहिली बायको प्रेरणा, पिशोरची. सहा वर्षं संसार केला, दवाखाने झाले, नवस झाले, मूलबाळ नाय. मग डेंग्यूनं आठ दिवसांत गेली. वर्षभरानं माझं लग्न लागलं. मला वाटलं होतं, मेलेल्या माणसाचा काय त्रास? उलट जिवंत सवत परवडली गं. भांडता तरी येतं, झिंज्या धरता येतात. मेलेलीशी कसं भांडायचं? मयूर पार्कातल्या त्या घरात पडदे तिच्या पसंतीचे, मिक्सर तिचा, मसाल्याच्या डब्यांवर तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. जिरे. ओवा. धने. एक दिवस मी सगळ्या चिठ्ठ्या चमच्यानं खरवडून काढल्या. हे संध्याकाळी आले, बघितलं, आणि हातपाय धुऊन ताटावर बसले. गप जेवले. ओरडले असते तर बरं झालं असतं. जळायचे गं मी, खोटं कशाला सांगू, आतल्या आत लई जळायचे.

आणि देवघरात तिचा टाक. रीत तुला ठाऊक आहे. पहिलीचा चांदीचा टाक करून देवात ठेवायचा. दुसरीनं काही नवं आणलं, साडी असू दे नाहीतर बांगड्या, की ते ओंजळीत धरायचं, टाकापुढं न्यायचं, हळदकुंकू वाहायचं आणि म्हणायचं, ‘आधी तुझं, मग माझं.’ मगच अंगाला लावायचं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मनकर्णाबाई, या बाबतीत लई कडक. माझ्या डोहाळजेवणाची हिरवी साडी बी आधी तिला दाखवली. जिची कूस कधी उजवली नाय, तिच्यापुढं! तेव्हा माझ्या मनात काय आलं सांगू? म्हणलं, बघ. चांगली डोळे भरून बघून घे. हे तुला नाय जमलं.

पाप लागलं असंल. लागू दे.

त्याच आठवड्यात माझं पोट दुखायला लागलं. डॉक्टरीण म्हणाली, सातवाच चालू आहे, बाळ लहान आहे, आता पडून राहायचं, जराही दगदग नको, नाहीतर मी काही सांगू शकत नाही. मला धडकीच भरली. वहिनी, त्या घरात तेवढं एकच तर माझं होतं. नवरा तिचा झालेला, घर तिचं झालेलं. पोटातला जीव तेवढा पहिल्यापास्नं माझा.

दिवसभर पडून मी कंटाळते म्हणून यांनी टीव्हीला लावायचा तो डबा मागवला. हातात मावतो एवढासा काळा डबा असतो. त्याला घरातलं वायफाय जोडलं की टीव्हीवर सिनेमे, मालिका, पाहिजे ते लागतं. दुपारी बाराला कुरिअरवाला देऊन गेला. हे वाळूजला कंपनीत, फर्स्ट शिफ्टला. घरात मी आणि आत्याबाई, दोघीच.

“दाखव गं आधी तिला,” आत्याबाई म्हणाल्या.

“डबा? टीव्हीचा डबा काय दाखवायचा? तिला काय सिनेमे बघायचेत?”

“हसू नको. नवी वस्तू आहे.”

“त्यांनी माझ्यासाठी मागवलाय आत्याबाई. माझ्यासाठी! एक तरी वस्तू या घरात आधी माझी असू द्या.”

त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. मी खोकं फाडलं, वायर टीव्हीच्या मागं खुपसली, रिमोटात सेल घातले. एमएस-सीआयटी केलंय मी, एवढं येतं मला. टीव्हीवर भाषा विचारली, मराठी निवडली. मग म्हणला, वायफाय निवडा. आजूबाजूच्या घरांची पाच-सहा नावं आली आणि सगळ्यात वर आमचं.

‘प्रेरणा होम.’

तसं ते नाव मला नवं नव्हतं. माझ्या मोबाईलला यांनी लग्नानंतर आपणहून जोडून दिलं होतं. पण तिथं ते बारीक अक्षरात असायचं. इथं त्रेचाळीस इंची टीव्हीवर, भिंतभर! पासवर्ड मला कधी सांगितला नव्हता, म्हणून यांना फोन लावला. मागं मशीनचा धडधड आवाज.

“अहो, वायफायचा पासवर्ड काय?”

हे म्हणाले, “प्रेरणाचं नाव... आणि पुढं अकरा, पाच.”

“हे अकरा पाच काय?”

“तारीख आहे. लग्नाची.”

“आपलं तर डिसेंबरात झालं.”

“...तनुजा, मशीन चालू आहे. ठेवतो.”

रिमोटवर अक्षरं कशी लिहायची असतात, बघितलंस कधी? बाण दाबत दाबत एकेका अक्षरावर जायचं. सवतीचं नाव मी माझ्या बोटानं असं एकेक अक्षर करून लिहिलं. डोळ्यांत पाणी आलं रागानं. शेवटी बटण दाबलं. पासवर्ड चुकीचा. परत लिहिलं, परत चुकीचा. तिसऱ्यांदा यांना मेसेज करून विचारून लिहिलं. चुकीचा. आणि माझ्या मोबाईलवर तेच वायफाय चांगलं चालू!

“म्हणलं होतं ना, आधी तिला दाखव,” आत्याबाई आतून म्हणाल्या.

मग मात्र माझं डोकं सणकलं. दाराच्या वर वायफायचं ते पांढरं यंत्र बसवलंय, लुकलुकणाऱ्या दिव्यांचं. मोबाईलवरून त्याची सेटिंग उघडली. नाव पुसलं आणि लिहिलं, ‘तनुजा’. पासवर्ड बी नवा टाकला. कुठला टाकला? पोटातल्या लेकरासाठी मी एक नाव मनात धरलं होतं. मुलगीच होणार असं माझं मन सांगायचं. ते नाव मी यांना नाय, आईला नाय, तुला बी नाय सांगितलं. तोंडातून एकदा सुद्धा काढलं नव्हतं. तेच टाकलं.

यंत्राचे दिवे गेले, परत आले. माझ्या मोबाईलला आणि डब्याला नवा पासवर्ड दिला आणि डबा पहिल्या फटक्यात जोडला गेला. मी एकटीच हसले गं. घरात माझं नाव लागलं म्हणलं, शेवटी! ते डोळ्यांनी बघावं म्हणून मी मोबाईलवर ती यादी उघडली. आपल्या वायफायला कोणकोण जोडलंय, ते त्यात दिसतं. दोन पाहिजे होते. माझा मोबाईल आणि तो डबा. आत्याबाईंकडं तर साधा बटणांचा फोन.

तीन होते. तिसऱ्यापुढं लिहिलं होतं, ‘प्रेरणाचा मोबाईल’.

मला वाटलं, जुनं काहीतरी राहिलं असंल. ब्लॉक केलं. यादीतून गेलं. मी हुश्श केलं, तोवर परत आलं. परत ब्लॉक केलं. परत आलं... वहिनी, पासवर्ड बदलून पाच मिनिटं बी झाली नव्हती. तो कुठं लिहिला नव्हता, कुणाला सांगितला नव्हता. तिसरं कुणी आत यायला ते नाव ठाऊक पाहिजे. माझ्या लेकीचं नाव.

“आत्याबाई...” मी हाक मारली. “तिचा मोबाईल कुठंय?”

“कुणाचा?”

“प्रेरणाताईचा.” जन्मात पहिल्यांदा मी तिला ताई म्हणलं.

“कायगावला,” त्या बाहेर येत म्हणाल्या. “अस्थींसंगं माझ्या इंद्रजीतनं, तुझ्या नवऱ्यानंच, गोदावरीत सोडला. माझ्या डोळ्यांदेखत. का गं?”

मी उत्तर द्यायच्या आत वास आला. कडू, हिरवा, ओला वास. आधी मला कळेना कसला. आत्याबाईंना कळला. त्या तिथंच भिंतीला धरून खाली बसल्या.

“पपईच्या पानांचा रस आहे गं हा...” त्या कुजबुजल्या. “डेंग्यूत देतात तो. शेवटचे आठ दिवस मीच पाट्यावर वाटून देत होते तिला. पदर नाकाला लावून प्यायची...”

घरात पोटुशी बाई, आम्ही पपई दारात येऊ देत नव्हतो. आणि सगळा हॉल त्या वासानं भरला. पंखा चालू होता, तरी वास हलेना. सोफ्यापाशी जास्त होता. टीव्हीसमोरच्या सोफ्यापाशी.

तेवढ्यात माझ्या पोटात कळ आली. अशी कळ, की डोळ्यांपुढं अंधारी. पोट दगडासारखं घट्ट झालं आणि सैल पडेचना. मला डॉक्टरणीचं बोलणं आठवलं. दुसरं काही सुचलं नाय. दोन्ही हातांनी पोट खालून उचलून धरलं आणि भिंतीला घासत घासत देवघरात गेले. टाकापुढं गुडघ्यांवर पडले.

“चुकले गं बाई,” म्हणलं. “मी चुकले. आधी तुझं... आधी तुझं, मग माझं. आधी तुझं, मग माझं...” किती वेळा म्हणलं कोण जाणे.

आणि कळ थांबली. एकदम थांबली. पोट मऊ पडलं, आतून बाळ हळूच हललं. वास बी गेला. मला असं रडू फुटलं वहिनी, सुटल्यासारखं. डोळे पुसून मागं वळले, तर दारात आत्याबाई उभ्या. त्यांच्या तोंडाकडं बघवेना.

“डबा कुठंय?” त्यांनी विचारलं.

“तिथंच... टीव्हीला.”

“मग तिच्यापुढं तू हातात काय धरलं होतंस गं पोरी?”

मी खाली बघितलं. माझे दोन्ही हात अजून पोटाखालीच होते.

त्यांचे पाय धरले मी. म्हणलं, आत्याबाई, डबा आणते, आता नीट दाखवते, म्हणते की डबा म्हणायचं होतं. त्या म्हणाल्या, “दाखव. पण दिलेलं परत मागता येत नाय.” तरी मी वायर ओढून डबा आणला, ओंजळीत धरला, हळदकुंकू वाहिलं. काही झालं नाय. मोबाईलवरची यादी बघितली. दोनच नावं होती. तिसरं गेलं होतं, आणि नंतर कधी आलं बी नाय. कशाला येईल? तिला पाहिजे ते मिळालं होतं.

त्या दिवसापास्नं माझं पोट एकदाही दुखलं नाय. डॉक्टरीणच नवल करायची. नऊ महिने पुरे भरले, इथं येऊन बाळंत झाले, सगळे म्हणले देवाची कृपा. आत्याबाई येऊन बघून गेल्या, तेव्हा त्यांनी लेकीला मांडीवर घेतलं नाय, तू मला नंतर म्हणालीस की म्हातारीला नात नको होती वाटतं. तसं नाय गं. आणि बारशाला माझी नणंद पाळण्यापाशी वाकून नाव विचारत होती, मी बोलेना, शेवटी तुझ्या तोंडून ‘सई’ निघालं आणि मी म्हणलं तेच ठेवा. सगळे चिडले माझ्यावर. मनातलं ते नाव मी आजवर उच्चारलं नाय. मला वाटलं, निदान हाक मारायचं नाव तरी वेगळं राहील.

यांना सांगितलं नाय. काय सांगू? उद्या हे येतील, पोरीला बघून हरखतील, आणि आम्ही त्या घरात जाऊ.

बघ, जागी झाली. दूध पिताना डोळे मिटून पिते शहाण्यासारखी, आणि पोट भरलं की ही अशी मान वळवते. काय म्हणतेस? तुझ्याकडं बघते? मला बी आधी तसंच वाटायचं. ऊठ. ऊठ ना वहिनी, माझ्यासाठी. त्या खिडकीपाशी जाऊन उभी राहा. टाळी वाजव. हाक मार तिला.

हलली का नजर? तू बसली होतीस तिथंच बघते ना अजून? आता हसंल, बघ... हसली.

नको, तिथं परत नको बसू. इकडं माझ्याजवळ ये. नऊ महिने मी वागवलं गं हिला, रात्रंदिवस अंगावर पाजते, आणि माझ्याकडं बघून अजून एकदा बी हसली नाय.