कमळाकर सरांचं इटालियन

बायको हाजरा वारल्याच्या चाळिसाव्या दिवशी अब्बासनं मागच्या खोलीतलं कपाट उघडलं आणि कॅमेरा गेल्याचं कळलं. रिकामा डबा तेवढा होता.

कॅमेरा पिएरोचा. धाटावच्या कंपनीत आलेला हा इटालियन इंजिनियर अष्टमी गावात त्यांच्याकडे वर्षभर भाड्यानं राहिला. जाताना "माक्किना, सिन्योरा" म्हणत त्यानं कॅमेरा हाजराच्या हातात ठेवला. मशीन म्हणतोय असं वाटून तिनं शिलाई मशीनकडे बोट दाखवलं. दोघंही हसत सुटले.

हाजरा जन्मभर फोटोला तोंड फिरवायची. पिएरोनं काढलेले सहा, तेवढेच. ते त्या कॅमेऱ्यात होते.

"घरात कोण आलेलं गो, नफिसा?"

"पेणचे कमळाकर सर," मुलगी म्हणाली. "पिएरोला मराठी शिकवायचे ते. पुस्तकं न्यायला आलेले. मी चहा करीपर्यंत मागं एकटेच होते."

दुपारी दोघं पेणला गेले. क्लासवर पाटी होती: पाच युरोपीय भाषा, नव्वद दिवसांत. एवढ्या उकाड्यात सरांनी टाय बांधला होता.

"कॅमेरा तुमच्याकडं हाय?"

"आहे की. पिएरोनंच दिला." सरांनी खणातून चिठ्ठी काढली. "तुम्हाला वाचता यायची नाही, चाचा. इटालियन आहे."

"मग तुम्हीच वाचा."

"‘ला कामेरा पेर कमळाकर.’ कॅमेरा कमळाकरसाठी. खाली सही. या सगळ्या भाषांचं मूळ लॅटिन. एक भाषा आली की बाकीच्या आपोआप येतात."

"त्यानं कधी लिहिली?"

"जाताना. माझ्या डोळ्यांदेखत."

"नक्की?"

"म्हणजे काय!"

अब्बासनं चिठ्ठी हातात घेतली.

"बावीस वर्षं जहाजावर भांडी घासली मी. इटालियन कप्तान आपल्या खोलीला कामेरा म्हणायचा. फ्रेंच खलाशी शांब्र म्हणायचा, जर्मन काम्मर. पोर्तुगीज इथं शब्द टाकून गेले, आपण कमरा म्हणतो. फोटोच्या यंत्राला कॅमेरा म्हणायचा इंग्रज. इटालियन त्याला माक्किना म्हणतो. पिएरोही तेच म्हणायचा. ही चिठ्ठी त्याची असती, तर माझी खोली त्यानं तुम्हाला दिली म्हणायची! इटालियन माणूस इटालियनमध्ये असा चुकत नाय, सर. ही तुम्ही लिहिलीत."

बाकावरची दोन पोरं फिसकन हसली. सरांनी टाय सैल केला.

"पाच भाषा येतात," नफिसा म्हणाली, "नि चोरी एकीत पण जमत नाय!"

सरांनी कॅमेरा टेबलावर ठेवला. अब्बासनं तो चालू करून पाहिला.

"आतले फोटो?"

"पुसले. जाहिरातीचे काढायचे होते." सर पुटपुटले. "कोणीतरी म्हातारी होती नुसती."

अब्बासनं कॅमेरा उचलला. असल्या माणसावर थुंकी वाया घालवावी असंही त्याला वाटलं नाही.

एसटीत नफिसानं पिएरोचा नंबर काढून फोन पुढं धरला. "त्याच्याकडं फोटोंच्या कॉप्या अजून असतील, अब्बा. मागा ना."

मागायचे तर आधी हाजरा गेली हे सांगावं लागणार.

अब्बासनं ते अजून पिएरोला कळवलेलं नाही.