दोनशे तेरा खेळ

दवाखान्याच्या दारावर चिकटवलेला कागद: ‘हा महिनाभर दवाखाना साडेआठऐवजी सहालाच बंद होईल. ज्यांना दात दुखवायचे असतील त्यांनी ते सहाच्या आत दुखवून घ्यावेत.’

चार हजार एकशे वीस. इतका लहान आकडा कुणी मुद्दाम काढणार नाही.

काचेच्या बरणीत दात घासायचे पाच ब्रश. घरात माणूस एकटाच.

खालच्या कडेला गोल भोक असलेलं एक कार्ड.

चौतीस मिनिटं.

एकेचाळीस मिनिटं.

आता गोष्ट.

“माझ्याकडे चोरी झालीय,” चष्म्यांच्या दुकानाची मालकीण म्हणाली, “आणि काहीच गेलेलं नाही.”

भावोजींनी पेन पुन्हा खिशाला लावलं. मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी शिकवून उरलेल्या वेळात ते वहिनींच्या तपासात मदत करत. मदत म्हणजे गाडी चालवणं आणि चुकीच्या माणसावर संशय घेणं. दोन्ही कामं ते मन लावून करत.

वहिनी संत्रं सोलत होत्या. विमा कंपनीत वीस वर्षं लोकांचे खोटे दावे उघडे पाडल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीतच खाजगी तपासाचं काम सुरू केलं होतं. “सावकाश सांगा,” त्या म्हणाल्या. “भावोजींना कळेल असं.”

चष्मेवालीने पिशवीतून एक चंदेरी पाकीट काढलं. त्यात वहीएवढा हिरवा सर्किट बोर्ड होता, जुन्या खेळांच्या यंत्राच्या पोटातला. तिच्या भावाला असे बोर्ड जमवायचा नाद होता. त्यानेच चौघांचं मंडळ काढलं: दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी जमायचं आणि आपापले बोर्ड पुढच्याला खेळायला द्यायचे. नियम एकच. बोर्ड जसा आला तसा पुढे जायचा.

“दोन वर्षांपूर्वी दादा गेला,” ती म्हणाली. “त्याची जागा मी घेतली. हा त्याचा पाणबुडीचा खेळ. पहिल्या दहा खेळाडूंचे आकडे याच्यात साठून राहतात. सगळ्यात वर दादा. आठ लाख एक्केचाळीस हजार तीनशे पन्नास. त्या दिवशी मला दुकान सांभाळायला बसवून गेला होता, म्हणून घड्याळ लावलं होतं मी. चौतीस मिनिटं.”

“आणि आता तो आकडा गेला?” भावोजींनी विचारलं.

“नाही. तिथंच आहे. दहाच्या दहा ओळी तशाच आहेत. दहावी माझी, चार हजार एकशे वीस. आयुष्यात एकदाच खेळले.”

“मग बिघडलं कुठं?”

“बोर्डावर एक बारीक बटण आहे. ते दाबलं की आतापर्यंत किती खेळ झाले ते दिसतं. दादा म्हणायचा, बारा हजार वेळा हरलो तेव्हा कुठं पहिला आलो. बोर्ड फेरीला देताना मी बघितलं होतं: बारा हजार सातशे सहा. काल परत आला. दाबलं.” तिने बोर्डाकडे बोट दाखवलं. “दोनशे तेरा.”

वहिनींच्या हातातली साल तुटली. तसं सहसा होत नसे.

“कुणीतरी खरा बोर्ड ठेवून घेतला आणि नक्कल पाठवली!” भावोजी म्हणाले.

“बोर्डाच्या पाठीवर काही खूण?”

“चंद्रकोरीसारखा डाग. सोल्डरिंग करताना मी जेवायला हाक मारली आणि त्याचा हात हलला.”

वहिनींनी बोर्ड उलटा केला. चंद्रकोर होती. मग त्यांनी तो सुलट करून कोपऱ्यातल्या बॅटरीचा वास घेतला आणि भावोजींच्या नाकासमोर धरला.

“लोणचं?” भावोजी म्हणाले.

“व्हिनेगर. आणि बॅटरी नवीकोरी. या बटणावर आणखी काय दिसतं, बाई?”

“सरासरी खेळ एकोणीस मिनिटं. सगळ्यात लांब खेळ एकेचाळीस.”

“बोर्ड तोच आहे,” वहिनी म्हणाल्या. “आठवण गेलीय त्याची.”

चष्मेवालीने बोर्ड पाकिटात सारला, पण पाकीट सोडलं नाही. “मला चोर पकडून नकोय, वहिनी. मला एवढंच सांगा, पडद्यावर जे दिसतंय ते दादाचं आहे का?”

बोर्ड आधी गेला होता टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांकडे. मग ग्रंथपाल बाईंकडे, शेवटी दाताच्या डॉक्टरांकडे. प्रत्येकाकडे एकेक महिना.

काकांच्या खोलीत बसायला जागा नव्हती, कारण खुर्च्यांवर टीव्ही बसले होते. टेबलावर व्हिनेगरची बाटली आणि बरणीत पाच ब्रश. भावोजींनी वहिनींना कोपराने ढोसलं.

“बॅटरी गळली की हिरवा गंज चढतो,” काका म्हणाले. “व्हिनेगर लावायचं, ब्रशाने घासायचं, नवी बसवायची. मंडळात सगळ्यांना मीच शिकवलंय. मी तर बोर्ड आला की आधी हे बटण दाबतो, मग बोलतो.” बोलता बोलता त्यांनी समोरच्या दुसऱ्याच बोर्डाचं बटण दाबलंसुद्धा. “पाणबुडी माझ्याकडे आली तेव्हा बारा हजारांच्या वर होती. बॅटरी जुनी, पण कोरडी.”

“बॅटरी बदलताना आकडे जातात?”

“यंत्र चालू ठेवून बदलली तर नाही जात. बंद केलंत की संपलं.”

“खेळता का तुम्ही?”

“मी डॉक्टर आहे, पेशंट नाही,” काका हसले. “खऱ्या डॉक्टरला विचारा. तो आणि तिचा भाऊ, दोघंच खेळणारे. आम्ही बाकीचे तीन मिनिटांत बुडतो.”

कोपऱ्यात पाणबुडीचीच एक स्वस्त नक्कल चालू होती. भावोजींनी हात साफ करायचं ठरवलं. एका खडकामागे पाणबुडी लपवून ते निवांत उभे राहिले.

“थांबू नका!” काका ओरडले. “हवा संपते. या खेळात टंगळमंगळ चालत नाही. जितका वेळ जगाल तितके गुण.”

भावोजी चाळीस सेकंदांत बुडाले.

“क्लच सापडत नाही याचा,” ते म्हणाले.

दवाखान्यात डॉक्टर एकटेच होते. उंच, हसरे, उजव्या अंगठ्याला चिकटपट्टी. भावोजींनी शिकवणी गाडीच्या सवयीने आरशात बघावं तसं सगळीकडे बघून घेतलं: खुर्ची, दिवा, वेळांची वही, वहीत खूण म्हणून घातलेलं भोकाचं कार्ड.

“अकरा वर्षं मी त्याच्या खाली,” डॉक्टर म्हणाले. “दुसऱ्या नंबरवर. साडेचौदाशे गुणांनी! दर महिन्याला मला म्हणायचा, ‘काय डॉक्टर, खालची हवा कशी आहे?’”

“राग यायचा?”

“भयंकर. आता ते विचारणारं कुणी नाही, त्याचा जास्त येतो.”

“अंगठ्याला काय झालं?”

“पेशंट चावला.”

“बोर्डावरचं बटण कधी दाबलंत?”

“कुठलं बटण?” डॉक्टरांनी मनापासून विचारलं.

बाहेर आल्यावर भावोजी म्हणाले, “हाच! दुसऱ्या नंबरचा माणूस. पहिल्याचा आकडा पुसण्यात याचाच फायदा.”

“पण पहिल्याचा आकडा आहे ना जागेवर, भावोजी.”

“मग हा नाही,” भावोजी तितक्याच ठामपणे म्हणाले.

ग्रंथपाल बाई पांढरे हातमोजे घालून बोलल्या. “बोर्ड आला की मी कार्ड करते. रंग, डाग, दहा ओळींचे आकडे. खेळत नाही. एकदा खेळले, दोन मिनिटांत मेले. मला पुस्तकं बरी, ती वाचणाऱ्याला मारत नाहीत.”

“बॅटरी कशी होती?”

“कडेला किंचित हिरवट. कार्डावर लिहिलंय मी.”

“पाणबुडीचं कार्ड बघू?”

बाईंनी लांबट खण ओढला. सगळी कार्डं खालच्या भोकातून गेलेल्या सळईला ओवलेली. एका जागी फट. “बाहेर गेलंय.”

“कुणाकडे?”

“कोण काय वाचतं हे मी नवऱ्यालासुद्धा सांगत नाही.”

गाडीत भावोजी म्हणाले, “हातमोजे, वहिनी! ठसे नकोत म्हणून!”

“गिअर टाका,” वहिनी म्हणाल्या.

पुढच्या रविवारी वहिनींनी सगळ्यांना चष्म्यांच्या दुकानामागच्या खोलीत जमवलं. मध्ये कपाटाएवढं यंत्र. पडद्यावर दहा ओळी उजळत होत्या, सगळ्यात वर दादा.

“बोर्ड चोरीला गेलेला नाही,” वहिनींनी सुरुवात केली. “चंद्रकोर जागेवर आहे. बॅटरी गळली, कुणीतरी व्हिनेगरने घासून नवी बसवली आणि त्या नादात यंत्र बंद केलं. आठवण पुसली गेली. मग त्या माणसाने या दहाही ओळी खेळून पुन्हा भरल्या. प्रत्येक आकडा मोजून. हवा तिथं पोचलं, की पाणबुडी मुद्दाम खडकावर आपटायची. एक गुण जास्त झाला की पुन्हा पहिल्यापासून. त्याला दोनशे तेरा खेळ लागले.”



“काका, तुम्ही नाही. तुम्ही पुसलं असतंत तर बटण दाबताच सगळं उघड होणार हे तुम्हालाच आधी कळलं असतं. हे सोंग रचणाऱ्याला ते बटण ठाऊकच नव्हतं. ग्रंथपाल बाई, तुम्हीही नाही. सरासरी एकोणीस मिनिटं. तुम्ही दोन मिनिटांत मरता.”

“आभारी आहे,” बाई म्हणाल्या.

“एकोणीस मिनिटं गुणिले दोनशे तेरा. सदुसष्ट तास. महिनाभर रोज सव्वादोन तास. दवाखाना साडेआठऐवजी सहाला बंद. अंगठ्याला फोड. आणि दहा ओळी कुणाला तोंडपाठ नसतात, त्यासाठी कार्ड लागतं. खाली भोक असलेलं. ते आमच्या भावोजींनी बघितलंय.”

“मी?” भावोजी म्हणाले. मग मान ताठ करून, “हो. वेळांच्या वहीत.”

डॉक्टर एका खोक्यावर बसले. सगळं हसू गळून गेलं होतं.

“हिरवं पाणी चिपपर्यंत पोचलं होतं,” ते म्हणाले. “आणखी आठवडा गेला असता तर बोर्डच मेला असता. मी दातांचा माणूस. कशालाही हात लावायच्या आधी बधिर करतो. सवयीने स्विच बंद केला. चालू केल्यावर वर भलतंच नाव होतं, कारखान्यातूनच भरून आलेलं. तुमचा दादा दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं, आणि या वेळी माझ्या हातून. तुम्हाला सांगायला तीनदा दुकानाच्या दारापर्यंत आलो. एकदा तर चष्मासुद्धा घेऊन गेलो.”

“नंबर नसताना,” चष्मेवाली म्हणाली. “मला तेव्हाच नवल वाटलं होतं.”

“मी मंडळ सोडतो.” ते उठले.

“बसा खाली.” ती पडद्याजवळ गेली. दहाव्या ओळीवर बोट ठेवलं. “माझे चार हजार एकशे वीससुद्धा?”

“तेच सगळ्यात अवघड गेले,” डॉक्टर म्हणाले. “इतकं वाईट खेळणं हाताला येईना.”

पहिल्यांदा काका हसले. मग ग्रंथपाल बाई, हातमोजा तोंडावर धरून. चष्मेवाली डोळे पुसत हसली. मग तिने चंदेरी पाकिटाच्या पाठीवरच उभ्या उभ्या बेरीज केली: बारा हजार सातशे सहा अधिक दोनशे तेरा. बारा हजार नऊशे एकोणीस.

“दादाचाच आहे आकडा,” ती म्हणाली. “फक्त या वेळी खेळायला डॉक्टरांना बसवलं. मला नाही का दुकानात बसवायचा.”

ग्रंथपाल बाईंनी हात पुढे केला. “कार्ड. चार दिवस उशीर झालाय.”

वहिनींनी नवं संत्रं सोलायला घेतलं. “एकच राहिलं, डॉक्टर. दादाला चौतीस मिनिटं लागली. या खेळात वेळ काढता येत नाही, जितका जगाल तितके गुण. मग एकेचाळीस मिनिटांत किती झाले?”

डॉक्टरांनी पडद्याकडे बघितलं. सगळ्यात वरच्या ओळीकडे, मग तिच्या खालच्या आपल्या ओळीकडे.

“आठवत नाही,” ते म्हणाले. “मशीन बंद पडलं वाटतं.”

“डॉक्टर, तुम्ही खेळाच आता,” काका म्हणाले. “बघू तरी.”

सगळे भोवती उभे राहिले. डॉक्टर दीड मिनिटात बुडाले. भावोजींना इतका आनंद झाला की त्यांनी पुढचा नंबर लावला, आणि वहिनींनी त्यांना संत्र्याची अर्धी फोड बक्षीस म्हणून आधीच देऊन टाकली.

बोर्ड परत जाण्याआधीच्या मंगळवारी, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, दवाखान्याच्या मागच्या खोलीत पडद्यावर नऊ लाख बारा हजार सहाशे हा आकडा होता आणि खाली नाव विचारलं होतं. डॉक्टरांनी नाव न घालताच स्विच बंद केला.