माणसाचा हात लागतच नाही

शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी चारुशीला मगदूम पुन्हा कबड्डीच्या मैदानावर उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे शिकणाऱ्या मुलींना खरं वाटेना. आपल्या यकृताचा मोठा भाग तिनं धाकट्या भावाला, संग्रामला दिला होता. तिच्या अंगावर खुणा म्हणाल तर पोटावर चार-पाच बारीक छिद्रांच्या आणि यकृताचा तुकडा बाहेर काढला, ती ओटीपोटावरची आडवी रेघ. उरलेलं यकृत भराभर वाढत होतं. संग्रामच्या डोळ्यांतला पिवळेपणाही गेला होता.

ऑपरेशन रोबोटच्या यंत्रानं होणार होतं. त्याआधी तिनं ते करणाऱ्या डॉ. मृणाल केतकरांना एवढंच विचारलं होतं, "यंत्र आपल्या मनानं काही करत नाही ना?"

"माझी बोटं हलली तरच त्याचे हात हलतात," केतकर म्हणाल्या होत्या. "कापणार मीच." त्या शब्दावर ती निर्धास्त झाली होती.

एका रविवारी शेजारचे बापूसाहेब आले. त्यांच्या बायकोला यकृत हवं होतं. मुलगी आपल्या यकृताचा भाग द्यायला तयार होती, पण बापूसाहेबांचा धीर होत नव्हता. चारुशीला चहा घेऊन दारापाशी आली, तेव्हा संग्राम त्यांना समजावत होता.

"अहो, माणसाचा हात लागतच नाही. यंत्रच रक्तवाहिन्या शोधतं, यंत्रच कापतं. डॉक्टर नुसत्या समोर बसून बघतात. आमच्या आक्काचं तसंच झालं."

चहा ठेवून ती आत गेली. बापूसाहेब गेल्यावर तिनं संग्रामसमोरच केतकरांना फोन लावला आणि यंत्रानं आपल्या मनानंच कापलं का, असं विचारलं.

"यंत्राच्या चुका माझ्यापेक्षा कमी होतात," केतकर म्हणाल्या. "आणि थांबवायचं बटण माझ्या हाताशी होतं. तुम्ही उगाच घाबरला असता."

"घाबरायचं की नाही, ते मी ठरवलं असतं. माझ्याशी खोटं का बोललात?"

"चुकलंच माझं. पण तुम्हाला सांगू नका, असं संग्रामनीच विनवलं होतं."

तिनं फोन ठेवला. संग्राम जमिनीकडे बघत होता.

"तू नाही म्हणाली असतीस, आक्का."

"माझं पोट फाडायचं होतं, संग्राम. तुझं नाही."

"दुसरं कुणी देणारं नव्हतं." त्यानं वर बघितलं. "मग काय, मरायला हवं होतं मी?"

"विचारायला हवं होतंस. हो म्हणाले असते मी."

तो रडायला लागला. एरवी तिनं त्याला जवळ घेतलं असतं. आज ती उठून मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली. भाऊ जगला होता, ती ठणठणीत होती, यंत्राची तिळमात्र चूक झाली नव्हती. मग आपलं काय हिरावलं गेलं, हे कुणाला कसं समजावणार?

आणि खरंच हो म्हणाली असती का ती? ते आता तिला तरी कसं कळणार होतं?