नवरी पुन्हा अडकली

"अय्यो! नवरीला उचक्या लागल्यात की ओ!"

मागून आवाज आला आणि महेश्वरी खुर्चीतच दचकली. स्टुडिओत पासपोर्ट फोटोसाठी आलेला एक तरुण तिच्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत होता. स्क्रीनवरच्या लग्नाच्या फिल्ममध्ये नवरीने वरमाला उचलली होती, पण हात वर जाईनात... जरा हलले, थांबले, पुन्हा जरा हलले.

"नवरी ठणठणीत आहे," महेश्वरी फणकारली. "कॉम्प्युटर दमलाय."

"मग बरोबर माणूस आलाय म्हणा! कॉम्प्युटर दुरुस्तीचंच दुकान हाय माझं, सात रस्ता चौकात. विरेश म्हणत्यात मला. बघू का?"

तिने हो म्हणायच्या आत स्टूल ओढून गडी बसलासुद्धा!

"फिल्म बिघडलेली न्हाय. नुसतं दाखवतानाच दम लागालाय त्याला. पडद्यावरचं चित्र अर्ध्या दर्जावर ठेवा. आन् हे जड व्हिडिओ हायत न्हवं, त्यांच्या हलक्या कॉप्या काढून त्यावर काम करा. शेवटी फिल्म मूळच्याच व्हिडिओतनं निघती, काळजी नको."

आणि काय सांगावं! नवरीने एका लयीत हात उचलले आणि माळ नवऱ्याच्या गळ्यात पडली. महेश्वरी बघतच राहिली.

मग त्याच्या फोटोची पाळी आली.

"कॅमेऱ्यात बघा."

"बघालो की."

"अहो, कॅमेरा इकडे आहे!"

त्या फोटोत विरेशचे कान लालभडक आले. खरं तर तिचेही झाले होते, पण तिचा फोटो कोण काढणार?

त्यानंतर या पोरीने जे केलं, ते सांगायची मलाच लाज वाटते! शहाणीसुरती मुलगी, सगळ्या सोलापुरातली लग्नं कापून-जोडून देणारी. तिने जाणूनबुजून फिल्मभर गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या, एकावर एक थर, चित्राचा दर्जा पुन्हा पूर्ण केला, आणि मशीन धापा टाकायला लागल्यावर फोन लावला.

"नवरी पुन्हा अडकली."

"आलोच!"

तो आला, ऐन मे महिन्याच्या उन्हात घामाघूम होऊन. येताना आईच्या हातची शेंगाचटणी घेऊन आला. मशीन नीट केलं, तिला हसवलं आणि गेला. पुढच्या आठवड्यात नवरी दुसरी, फोन तोच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. तो आला की बाईसाहेबांचा दिवस सोन्याचा. सगळं कसं छान चाललं होतं...

...आणि एका दुपारी स्टुडिओचे मालक, ईरप्पा अण्णा, कडाडले.

"पुरे झालं! हा डबा भंगारात घालणार मी. सोमवारी नवीन मशीन येतंय पुण्याहून. बिघडलं तर त्यांचाच माणूस येणार. त्या विरेशला कशाला सारखं पळवायचं?"

महेश्वरीच्या तोंडचं पाणी पळालं. विरेश येणार नाही? म्हणजे... कधीच नाही?

"अण्णा, अहो, चांगलं आहे हे मशीन!"

"चांगलं? मग दाखव की चालवून!"

ते माठातलं पाणी प्यायला वळले तेवढ्यात तिने भराभर पाकळ्या काढल्या, दर्जा अर्ध्यावर आणला, हलक्या कॉप्या लावल्या. आपला चावटपणा आपणच निस्तरला. आता कशाला अडकतंय? ऐटीत तिने बटण दाबलं. अकलूजच्या लग्नातला नवरदेव सजवलेल्या ट्रॅक्टरवरून उतरायला लागला...

...आणि त्याचा पाय हवेतच राहिला.

महेश्वरीला घामच फुटला. असं कसं? मी तर सगळं काढलं!

"बघितलंस?" म्हणत अण्णा पुण्याला फोन लावायला बाहेर गेले.

ती वेड्यासारखी एकेक सेटिंग उघडत सुटली आणि एका जागी थिजली. चित्र झरझर पळवणाऱ्या ग्राफिक कार्डाची मदत बंद केलेली! तिथे तिने कधी हातच लावला नव्हता. अण्णांना तर मशीन चालूसुद्धा करता येत नसे. मग राहिलं कोण?

बाई गं... विरेश!

एवढा गोड बोलणारा माणूस आणि मशीन बिघडवून जातो? फसवलं आपल्याला! डोळ्यांत पाणी आलं, रागही आला. तिने फोन लावला.

"नवरी पुन्हा अडकली. आत्ता या."

तो धापा टाकत आला. तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. विरेशचा चेहरा पांढराफटक पडला.

"कुणी केलं हे?" तिने विचारलं.

"...मी."

"का?"

"निघताना दर वेळी बंद करायचो." त्याची मान खाली गेली. "नीट करून गेलो असतो तर... तुमी परत बोलावलं असतं का मला?"

महेश्वरीचा रागच हरवला. मग कसंबसं म्हणाली, "पाकळ्या... माझ्या होत्या."

"आँ?"

"मीच घालत होते. मशीन अडकावं म्हणून. तुम्ही यावं म्हणून."

विरेश स्टुलावर धपकन बसला. "तरीच! मी म्हणतोय, मी एवढंच बंद केलं, तर एवढं कसं काय अडकालंय!"

"अरे माझ्या कर्मा!" दारात अण्णा उभे होते, हातात फोन तसाच. "दोघांनी मिळून माझ्या मशीनचा जीव घेतला व्हय रे!"

दोघंही उभे राहिले, चोरी सापडलेल्या पोरांसारखे. विरेशने खाली वाकून ते एक बटण चालू केलं. ट्रॅक्टरवरच्या नवरदेवाचा पाय अलगद जमिनीवर टेकला.

अण्णांनी ते बघितलं. पुण्याला सांगितलं, "मशीन नको." मग विरेशकडे वळले. "आता हे चांगलं झालं. बिघडायचं न्हाय. मग तुझं काय काम हितं?"

विरेशने पिशवी उचलली. दारापर्यंत गेलाही. महेश्वरी त्याच्या पाठीकडे बघत होती. आता गप्प राहिलं तर गेलंच सगळं...

"अण्णा," ती म्हणाली, "ते माझ्यासाठी येतील. मला आवडतात ते."

बोलून गेल्यावर तिचाच हात तोंडावर गेला. आणि विरेश? एक पाय उंबऱ्याबाहेर, पिशवी हवेत, तोंड उघडं... एरवी शब्दाला शब्द देणारा माणूस, पापणीही हलेना!

"अहो," तिने हळूच विचारलं, "अडकलात का?"

"व्हय," तो म्हणाला. "पासपोर्टच्या फोटोपासनं."

अण्णांनी कपाळाला हात लावला आणि समोरच्या टपरीवर चहा सांगायला निघून गेले.