दाढीची मन्नत

तल्हाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याची हनुवटी अगदी गुळगुळीत होती... आणि मी त्याला चोर म्हटलं होतं!

सौदीत, दम्मामच्या वर, तारूत बेटाच्या टोकाला दारीन नावाचं कोळ्यांचं गाव आहे. माझे अब्बा तिथली मासळी घेऊन तेल कंपनीच्या मेसला पुरवायचे. त्या दिवशी टोपल्यांमागे उभ्या असलेल्या उंच पोराला मी अरब समजले आणि बिनधास्त मराठीत म्हटलं, "अब्बा, घेऊ नका. हा चोर कालची सुरमई आजची म्हणून गळ्यात मारतोय."

"कल्ले उघडून दाखवू?" तो 'अरब' मराठीत म्हणाला. "बाणकोटचा आहे मी. मासळीत खोटं बोलत नाही."

मी पुरती फसले होते. तरी हार कोण मानणार? "म्हणजे बाकी गोष्टींत बोलता?"

"गरज पडली तर... बोलतो."

मी इंडियन स्कूलमध्ये शिकवते हे कळल्यापासून तो मला 'टीचर' म्हणू लागला. आणि मी? दर आठवड्याला मला दारीनची मासळी स्वतः निवडायची हौस आली. अब्बांनी पिकअपमध्ये माझ्यासाठी उशी ठेवली.

पण कुवेतवरून लढाई आमच्या दारापर्यंत येत होती. विषारी गॅसच्या भीतीने लोक खिडक्यांना चिकटपट्ट्या लावत होते, शाळा ओस पडली होती. एक्याण्णवचा जानेवारी उजाडला आणि अब्बांनी माझं मुंबईचं तिकीट काढलं. जायच्या आदल्या दिवशी मी हट्टाने शेवटचं दारीनला गेले.

त्या दिवशी आभाळ फाटलं. तिथे गटारं नाहीतच, बघता बघता गल्ल्यांचे ओहोळ झाले. पिकअपच्या इंजिनात पाणी शिरलं. मेकॅनिक येईतो अब्बा म्हणाले, "चल, गाव बघून घे. तल्हा, वाट दाखव."

परक्या पोरासोबत चालताना धार्मिक पोलिसांनी पाहिलं तर धडगत नव्हती. म्हणून अब्बा छत्री घेऊन पुढे, मधे मी, आणि मागे तल्हा, डोक्यावर बर्फाची पेटी घेऊन, हमालासारखा. आमचं बोलणं सगळं पाठमोरंच चाललं होतं.

"टीचर, पुढे खड्डा आहे."

"दिसतोय. पण दाढी कशाला वाढवलीत? मौलवी व्हायचंय?"

"आवडली नाही?"

"मी कुठे नीट बघितली? पुढे बघून चालायचं असतं."

मागून हसू ऐकू आलं. ओल्या खजुरीच्या बागा, टेकडीवरचा पडका किल्ला, भिंतीशी रचून ठेवलेले मासे धरायचे तारेचे पिंजरे... आमच्याकडे कोंबड्या झाकतात त्या डालग्यांसारखे. मला प्रत्येक गोष्ट डोळ्यांत भरून घ्यायची होती आणि डोळे सारखे भरून येत होते.

"टीचर... पेटीत गॅसचा मास्क आहे. माझ्या कफीलने, मालकाने दिलाय. तुम्ही घेऊन जा. उद्या विमानतळावर काही झालं तर..."

"आणि तुम्हाला?"

"मला काय उपयोग? दाढीवर तो घट्ट बसत नाही, हवा आत शिरते. थांबा, दाखवतो."

मी मागे वळले. सबंध वाटेत तेवढं एकदाच. त्याने मास्क चढवला होता: काळं रबर, दोन गोल काचा, आणि खालून डोकावणारी दाढी. मला हसू फुटलं.

"मग काढून टाका ना ती दाढी!"

"नाही जमायचं. आईने मन्नत बोललीय. घरी पोचेपर्यंत वस्तरा लावायचा नाही."

आईच्या मन्नतीपुढे मी काय बोलणार? मी मास्क घेतला.

"पासपोर्ट कफीलकडे अडकलाय," तो हळूच म्हणाला. "मिळाला की पावसाळ्याआधी येतो. मग... तुझ्या अब्बांशी बोलू?"

मी 'तुम्ही'ची 'तू' झाले होते. उत्तर दिलं ते अब्बांनी, छत्रीखालून, मागे न वळता.

"मे महिन्यात दाभोळला, आमच्या घरी येऊन बोल. आणि आता जरा अंतर ठेवून चाल."

मी हसत रडत होते. पावसामुळे कुणाला कळलं नाही.

मी सुखरूप पोचले. लढाई झाली, संपलीसुद्धा. दारीनवर गॅस कधी आलाच नाही. पण समुद्रात सुटे सुरुंग तरंगत राहिले होते. पाण्यात राहिलेले पिंजरे आणायला तल्हा लाँच घेऊन गेला, आणि... अब्बांनीच त्याला माती दिली.

मे महिन्यात तो यायचा होता. त्या महिन्यात मीच बाणकोटला गेले, मास्क घेऊन. त्याच्या आईने माझा हात सोडलाच नाही.

"तिकडून आलेल्यांत शेवटचा तूच बघितलास गो त्याला. कसा दिसत होता?"

"छान. दाढी शोभत होती," मी म्हटलं. "तुमच्या मन्नतीची."

"दाढी? माझ्या पोराला?" त्या चकित झाल्या. "दोन दिवस वाढली तर खाजवून जीव द्यायचा तो! आणि मन्नत कसली? मी नाय बोलले कुठली मन्नत."

मी पिशवीतला मास्क काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. तो मासळीत खोटं बोलत नसे. माझ्याशी बोलला, आठवडे आठवडे हनुवटी खाजवत, मी मास्कला नाही म्हणू नये म्हणून.

"आई," मी म्हटलं, "मी एकदाच मागे वळले हो... आणि तेव्हा त्याच्या तोंडावर हा होता."