सैल पत्र्यांचा आवाज

विश्वनाथ ओगल्यांना माणसांचा तिटकारा होता, असं म्हणणं बरोबर होणार नाही. तिटकाऱ्यालाही थोडी जवळीक लागते. ते माणसांना कमी लेखत, एवढंच. आणि तेही इतक्या जुन्या सवयीनं, की त्यात आता रागसुद्धा उरला नव्हता. हवाई दलात बिनतारी यंत्रणेवर सारी नोकरी काढून ते मोहालीत स्थायिक झाले होते. हौशी रेडिओचा परवाना होता, स्वतःच्या हातानं बांधलेला ट्रान्समीटर होता, आणि बाजारातून तयार सेट आणून स्वतःला हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, म्हणवणाऱ्या मंडळींसाठी त्यांच्याकडे एकच शब्द होता : खेळणीवाले.

अच्युत खांबेटे मात्र त्यांच्या लेखी खेळणीवाल्यांच्याही खाली होता. चंदीगडच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा हा माणूस ट्रान्समीटर घरी बांधायचा, हे खरं. पण बांधायचा कसा? ट्रान्सफॉर्मर गुंडाळताना तारेच्या थरांमध्ये हाताला येईल तो कागद भरायचा आणि वरून मेणबत्तीचं मेण ओतायचा. "चालतंय ना, विश्वनाथजी?" म्हणून हसायचा. आणि गंमत अशी, की संध्याकाळी देशभरातली मराठी हॅम मंडळी गप्पांना जमली की सगळे याच माणसाचा आवाज ऐकायला टपलेले असत. मऊ, सावकाश आवाज. प्रत्येकाच्या गुडघेदुखीची चौकशी करणारा. रोज तो एकदा तरी हाक मारायचा, "विश्वनाथजी, आहात का?" ओगले तेव्हा सेट बंद करत.

दिवाळीच्या आधी अच्युत गेला. हृदयविकार, सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. ओगले अंत्यविधीला गेले, लवकर परतले.

जानेवारीत, धुक्यानं दुपारीही दिवे लावायला लागत होते अशा दिवसांत, अच्युतच्या बायकोचा, विनयाचा फोन आला.

"भावोजी, त्यांचा सेट एका कॉलेजच्या रेडिओ क्लबला द्यायचाय. पण चालत नाही. तुम्ही एकदा बघाल?"

"बघतो," ओगले म्हणाले. ते मदतीला निघाले नव्हते. त्या सेटचं पोट उघडून आत काय भरलंय ते बघायची त्यांना फार दिवसांची इच्छा होती.

विनयाचं घर वरच्या मजल्यावर होतं. खिडक्यांना धुकं असं चिकटलं होतं, की बाहेर सेक्टर आहे की समुद्र ते कळू नये. तिनं चहा ठेवला आणि दाराशी उभी राहिली. ओगल्यांनी सेटचं झाकण काढलं. जळक्या कागदाचा आणि मेणाचा वास अंगावर आला. दोष लगेच सापडला : बोलणाऱ्याचा आवाज रेडिओलहरीवर चढवणारा मोठा ट्रान्सफॉर्मर जळला होता. लोखंडी पत्र्यांची चळत, तिच्याभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी, आणि थरांमधला कागद कोळसा झालेला.

"वहिनी, याला ट्रान्सफॉर्मर म्हणत नाहीत. हा भज्यांचा पुडा आहे."

विनयाला राग आला नाही. "तुम्ही असंच काहीतरी म्हणाल, असं ते म्हणायचे," ती म्हणाली. मग दारातून पुढे येत, "भावोजी, हा... बोलतो का हो कधी?"

"पत्रे सैल असले आणि सेट चालू असला, तर माइकमधला आवाज यातूनही बारीक ऐकू येतो. भूतबीत नाही. ढिसाळपणा."

"चालू असताना," विनया म्हणाली. "हो. चालू असताना."

ओगल्यांनी ट्रान्सफॉर्मर सोडवून पिशवीत घातला.

घरी काचा लावलेल्या बाल्कनीत त्यांचं कामाचं टेबल होतं. ट्रान्सफॉर्मर त्यावर ठेवून ते हात धुवायला गेले. परत आले तर सुमन, त्यांची बायको, दारात उभी.

"कोण आलंय?"

"कुणी नाही."

"अहो, मराठीत बोलत होतं कुणीतरी. मला वाटलं पाहुणे, म्हणून आधण वाढवलं."

"खालचा टीव्ही असेल."

"खाली पंजाबी आहेत," असं म्हणून सुमन आत गेली.

ओगल्यांनी पत्र्यांची चळत पकडीत धरली. तेव्हा तो आवाज आला. आधी माशी डब्यात अडकावी तशी गुणगुण. मग शब्द.

"विश्वनाथजी... आहात का?"

ट्रान्सफॉर्मरच्या तारांची चारही टोकं मोकळी होती. टेबलावर दुसरं काही नव्हतं. ओगल्यांनी बोटांनी पत्रे दाबले. लोखंड थंडगार, आणि त्या थंडीत बारीक कंप, मांजराच्या गळ्यावर हात ठेवल्यासारखा.

"ऐकू येतंय का?... ओव्हर."

आणि मग शांतता. रेडिओवरची माणसं बोलणं संपवून दुसऱ्यासाठी जागा सोडतात ना, तशी. ती शांतता वाट बघत होती.

दुसरा कुणी पळाला असता. ओगल्यांना भीती वाटण्याआधी चीड आली. मेल्यावरही हा माणूस तितकाच गबाळा, तितकाच चिकट!

"येतंय ऐकू," ते मोठ्यानं म्हणाले. "आणि तुझं काम अजूनही भिकारच आहे."

गुणगुण थांबली. कुणीतरी समाधानानं श्वास सोडला, असं त्यांना वाटलं. त्यानंतर तो ट्रान्सफॉर्मर काही बोलला नाही.

पुढचे काही दिवस ओगले त्याच्यावर तुटून पडले. पत्रा न् पत्रा सुटा करून घासला. अच्युतची तार, कागद, मेण, सगळं कचऱ्यात गेलं. चंदीगडात मिळालेली तार त्यांनी बोटांत धरून बघितली आणि दुकानदारासमोरच परत टाकली. शेवटी स्वतःच्या साठ्यातली काढली. प्रत्येक थरावर चिवट पॉलिस्टरची फिल्म, दोन गुंडाळ्यांमध्ये तिचेच जास्तीचे वेढे, कडांना पट्टी. सगळं वार्निशात बुडवून ठेवलं, बुडबुडे थांबेपर्यंत. मग भाजायला ओव्हन.

"माझा केकचा ओव्हन आहे तो!" सुमन ओरडली.

"केकपेक्षा बरं काम करतोय आज."

वार्निशाचा गोडसर, डोक्यात जाणारा वास घरभर भरला. बाहेर आला तो ट्रान्सफॉर्मर दगडासारखा अखंड होता. पत्रे असे आवळले होते, की सुईचं टोक शिरू नये. बोल आता, असं ओगले मनात म्हणाले.

विनयाकडे जाऊन त्यांनी तो बसवला. अँटेनाच्या जागी एक साधा बल्ब जोडला. बोललं की बल्ब उजळायला हवा, म्हणजे आवाज लहरीवर चढतोय हे कळतं. दुपारचे चार वाजले असतील, पण खिडकीत राखाडी अंधार होता. सेट सुरू केला. बल्ब मंद, स्थिर पेटला. माइक अजून जोडायचा होता. त्यांनी त्यासाठी हात पुढे केला...

आणि बल्ब उजळला. मंदावला. परत उजळला. वाक्य बोलावं तसा.

सेटच्या पोटातून आवाज येत होता. अच्युतचा नव्हे. कोरडा, नाकातून येणारा, शब्द तोडून टाकणारा आवाज. ओगल्यांना तो ओळखायला क्षणभर लागला. आपला आवाज माणूस बाहेरून कधी ऐकतो?

"कुणी गुंडाळलाय हा? गाढवाच्या हातचं काम. कडा बघा. वार्निश बघा. भिकार... भिकार..."

ओगल्यांनी माइक जोडला. "हॅलो. हॅलो, टेस्टिंग." बल्ब जराही हलला नाही. ते ओरडले. बल्ब तसाच.

विनयानं पुढे येऊन माइक हातात घेतला. "हॅलो," ती हलकेच म्हणाली, आणि बल्ब झगमगला.

तिनं सेट बंद केला.

"भावोजी," विनया म्हणाली, "तुम्ही त्याला ओ दिलीत का?"

ओगले बल्बची तार सोडवू लागले.

"ते गेल्यापासून तो रोज हाका मारतो. मला, तुम्हाला, कुणालाही. मी कधी ओ दिली नाही. वाटलं, तुम्ही सगळं खोलून टाकाल म्हणजे थांबेल."

"अच्युत... असा सूड घेणारा नव्हता," ओगले कसेबसे म्हणाले. त्या माणसाबद्दल त्यांनी काढलेला हा पहिला बरा शब्द.

"हे ते नाहीच आहेत," विनया म्हणाली. "आधी हे त्यांच्या आवाजात बोलत होतं, एवढंच. तुम्ही ओ दिलीत, आता तुमचा आवाज घेतलाय."

घरी येऊन ओगल्यांनी स्वतःचा सेट लावला. हेडफोनमध्ये नागपूरचे नंदकुमार बोंद्रे होते, रोजच्यासारखे. ओगले जीव तोडून बोलले. उत्तर आलं, "कोण आहे बाप्पा? लहर तर जोरात येऊन राहिली, पण आवाजच नाही. माइक बघा तुमचा." ओगल्यांनी माइक बदलला. तारा बदलल्या. बोंद्रे शेवटी कंटाळून दुसऱ्याशी बोलू लागले. आयुष्यभर ज्यांचं बोलणं ऐकण्याच्या लायकीचं समजलं नाही, त्या खेळणीवाल्यांना ओगले त्या संध्याकाळी विनवत होते. आणि कुणाला ते ऐकूही जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते उठले तेव्हा खिडकीबाहेर समोरची इमारत दिसत नव्हती. सुमन स्वयंपाकघरात होती. त्यांनी चहा मागितला, तिनं वळून पाहिलं नाही. कुकरच्या शिट्टीत ऐकलं नसेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मग फोन वाजला. बोंद्रे.

"ओगले साहेब? हॅलो?... अरे, फोनवरही आवाज नाही तुमचा. बरं, ऐकू येत असंल तर ऐका. काल तुमचा माइक नंतर सुधरला म्हणायचा! किती वेळ बोलून राहिले होते तुम्ही! सगळ्यांची चौकशी केली, आम्ही तर चाटच पडलो."

ओगल्यांनी तोंड उघडलं. "मी नव्हतो तो," ते म्हणाले. "बोंद्रे, मी नव्हतो!"

"हॅलो?... जाऊ द्या. एक विचारायचं होतं. तुमच्यासोबत ती बाई कोण होती हो? मधे मधे बोलत होती. सारखी म्हणे, सुमनला बोलवा, सुमनला बोलवा..."

फोन कट झाला.

दाराची घंटा वाजली नव्हती. कडीही वाजली नव्हती. तरी सुमन पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "ओ! आले, आले."

"सुमन!" ओगले ओरडले. "ओ देऊ नकोस! सुमन!" त्यांच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. ती त्यांच्या अगदी समोरून गेली. तिनं दार उघडलं. बाहेर जिना नव्हता, कठडा नव्हता, नुसतं पांढरं धुकं उभं होतं.

सुमनचा चेहरा उजळला.

"अगं बाई, तू होय!" ती म्हणाली. "थंडीत उभी काय राहिलीस? ये ना, आत ये." आणि बाजूला सरून तिनं कुणालातरी वाट करून दिली.